झोपेचा हिशोब कुणाला द्यायचा?

आत्याच्या फडताळात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात सुईदोरा, सुटी बटणं, रेशनकार्डाच्या झेरॉक्स आणि गेल्या वर्षापासून एक स्मार्टवॉच असतं. आतेभावानं पुण्याहून आणलेलं. आत्याला मध्येच छातीत धडधडायचं. साताऱ्याला नेलं, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, आणि तेव्हापासून पुण्यात बसून याच्या जिवाला घोर लागला. म्हणून घड्याळ. ते आत्याच्या मनगटावर, आकडे तिच्या मोबाईलवर, आणि तिथून याच्या मोबाईलवर. नाडी, पावलं, झोप, सगळं. तीनेक आठवडे बरं चाललं. मग एका सकाळी सातला फोन आला, "आई, रात्री दोन ते साडेतीन जागी का होतीस?"

जागी होती, कारण त्या आठवड्यात शेतीपंपाला रात्रीची लाइट होती. मामा (आत्याचे यजमान, आमच्याकडं त्यांना मामाच म्हणतात) उसाला पाणी पाजायला गेले होते, आणि ते घरी येईपर्यंत तिचा डोळा लागत नाही. लग्न झाल्यापासून लागलेला नाही. मुलाला हे लहानपणापासून माहीत आहे. पण मोबाईलनं लाल पट्टी दाखवली आणि त्यानं विचारलं. आत्या एवढंच म्हणाली, "आता झोपायचा बी हिशोब द्यायचा व्हय रं?" त्या दिवशी घड्याळ डब्यात गेलं. कुणी विचारलंच तर सांगते, चार्जर सापडत नाही. चार्जर त्याच डब्यात आहे.

आतेभावाचं निदान तयार होतं: म्हाताऱ्या माणसांना टेक्नॉलॉजी झेपत नाही. मला हे निदान पटलं नाही, कारण ही बाई रोज रात्री यूट्यूबवर कीर्तन लावते, नातीशी व्हिडिओ कॉलवर भांडते, आणि आल्याचा आजचा भाव व्हॉट्सॲपवर बघून मामांना ओरडून सांगते. तिला मोबाईल झेपतो. घड्याळही झेपलं होतं. तीन आठवडे ते रोज चार्ज होत होतंच की. झेपला नाही तो सकाळी सातचा प्रश्न.

या विषयावर अभ्यास करणारी मंडळी जगभर आहेत, आणि त्यांनी याला नाव दिलंय 'वापरकर्त्याची स्वीकृती'. त्यातला सगळ्यात जास्त वापरला गेलेला सांगाडा फ्रेड डेव्हिस या अमेरिकी संशोधकानं १९८९ साली मांडला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस नवीन यंत्र वापरेल की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं: ते आपल्या कामाचं आहे असं त्याला वाटतं का, आणि ते वापरायला सोपं आहे असं वाटतं का. त्या काळात कचेऱ्यांमध्ये कॉम्प्युटर येत होते, त्या प्रश्नाला हे उत्तर चपखल होतं. कारकून कॉम्प्युटरवर पत्र टाइप करतो तेव्हा काम त्याचं, यंत्र त्याच्यासमोर, आणि कागद त्याच्या हातात. मनगटावरच्या घड्याळाचं तसं नाही. ते ज्याच्या अंगावर असतं त्याच्याबद्दल दुसऱ्या कुणाला तरी सांगत असतं. हा तिसरा माणूस त्या सांगाड्यात कुठेच नाही. पुढे कुणी त्यात 'विश्वास', 'खासगीपणाची चिंता' असे रकाने वाढवले, तरी प्रश्नावलीचा सूर तोच राहिला: यंत्र ठीकच आहे, माणूस का अडतोय ते सांगा.

मला तर तो शब्दच खटकतो. भाजी माणूस पसंत करतो, साडी पसंत करतो. स्वीकारतो ती नोटीस.

आता कुणी म्हणेल, लोक तर घड्याळं धडाधड विकत घेतायत. घेतायत खरे. आयडीसी या बाजारपाहणी करणाऱ्या संस्थेच्या मोजणीनुसार २०२३मध्ये भारतात पाच कोटींहून अधिक स्मार्टवॉच बाजारात आली. पुढच्याच वर्षी तो आकडा साडेतीन कोटींच्या आसपास घसरला. हजार-दीड हजारात मिळणारं घड्याळ लग्नात आहेर म्हणून जातं, दिवाळीत बोनसबरोबर येतं. त्यातली किती मनगटावर राहतात हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याची चुणूक सिंगापूरच्या एका अभ्यासातून मिळते. तिथं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आठशे नोकरदारांना घेतलं होतं. काहींना पावलं मोजायचं छोटं यंत्र नुसतंच दिलं, काहींना यंत्र आणि चालल्याबद्दल रोख पैसे. पैसे होते तोवर पैसेवाले जोरात चालले. पैसे बंद झाले आणि चालणंही ओसरलं. वर्षाच्या शेवटी दहांतला जेमतेम एक जण ते यंत्र वापरत होता. वजन आणि रक्तदाब जिथल्या तिथं. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या संशोधकांनी ४७१ तरुण लठ्ठ माणसांवरचा दोन वर्षांचा प्रयोग छापला. त्यात हालचाल मोजणारा पट्टा दंडावर घालणाऱ्यांचं वजन सरासरी साडेतीन किलो उतरलं, आणि न घालणाऱ्यांचं जवळपास सहा किलो. दोन्ही गटांना आहार-व्यायामाचा सल्ला सारखाच होता.

यावरून घड्याळं टाकाऊ ठरत नाहीत. पण 'लोकांनी ती स्वीकारली की झालं' हे गृहीतक तरी डळमळायला हवं.

अंगावर घालायचं आरोग्याचं यंत्र महाराष्ट्रानं एकदा डोळ्यांदेखत स्वीकारलं, तेही काही महिन्यांत, आणि त्यासाठी एकही प्रश्नावली भरून घ्यावी लागली नाही. २०२०च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. आशाताई आणि स्वयंसेवक दारोदार फिरून ताप आणि ऑक्सिजन मोजत होते. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत तर 'ऑक्सिमीटर' हा शब्द शेंबड्या पोराच्याही तोंडी होता. हे यंत्र ज्यांच्या कल्पनेतून आलं ते जपानी अभियंते ताकुओ आओयागी त्याच २०२०च्या एप्रिलमध्ये वारले. १९७०च्या दशकात त्यांनी मांडलेलं तत्त्व भूलतज्ज्ञांच्या टेबलावर दशकानुदशकं गपगुमान काम करत होतं. ते एकदम आमच्या चाळीत आलं. आमच्या मजल्यावर एक ऑक्सिमीटर होता आणि तो सहा घरांत फिरायचा, सॅनिटायझरनं पुसून. शेजारच्या काकू बोटावरचं नेलपेंट काढून बसायच्या, कारण नेलपेंटवर आकडा नीट येत नाही हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. सहा मिनिटं घरातल्या घरात चालून पुन्हा मोजायचं, हेही सगळ्यांना पाठ. आकडा ९४च्या खाली आला की काय करायचं, कुणाला फोन लावायचा, पालथं कसं झोपवायचं, हे शाळा सोडून पन्नास वर्षं झालेल्या माणसालाही ठाऊक होतं.

हे का जमलं? यंत्र काही फार देखणं नव्हतं. सोपं होतं, हे खरं. पण माझ्या मते त्या आकड्याला पुढची पायरी चिकटलेली होती, ही मोठी गोष्ट. ९८ म्हणजे झोप. ९२ म्हणजे गाडी काढ. दुसरं, तो आकडा त्या खोलीतच राहायचा. ऑक्सिमीटर कुणाला कळवत नव्हता, घरातलं माणूस कळवायचं, कळवावंसं वाटलं तर. आणि गरज संपल्यावर तो निमूट ड्रॉवरमध्ये गेला. त्याला कुणी 'तंत्रज्ञानाचा त्याग' म्हटलं नाही.

(२०२०च्याच डिसेंबरात अमेरिकेतून एक अभ्यास आला होता, की काळ्या कातडीच्या रुग्णांमध्ये ऑक्सिमीटरनं खालावलेला ऑक्सिजन पकडला नाही असं गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा घडलं. यंत्रातला प्रकाश कातडीतून जातो आणि कातडीचा रंग त्याला आडवा येतो. आपल्याकडं त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. घड्याळातला हिरवा दिवाही कातडीतूनच जातो.)

त्या ऑक्सिमीटरच्या शेजारी आजचं घड्याळ ठेवून बघा. ते दिवसाला पंधरावीस आकडे देतं. 'स्ट्रेस ४२'. बरं, मग? ४२ला काय करायचं? दहा हजार पावलांचंच घ्या. हा आकडा कुठल्या वैद्यकीय मंडळानं ठरवलेला नाही. १९६५च्या सुमारास एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव जमलं आणि जगाला नियम मिळाला. पुढे २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे सतरा हजार अमेरिकी बायकांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की साडेसात हजारांच्या पुढं फायदा वाढत नाही, आणि फरक पडायला साडेचार हजारांच्या आसपासही पुरेसं आहे. मनगटावरचा पट्टा मात्र अजून दहा हजाराला फटाके उडवतो.

आणि पावलं तरी कशाची मोजतो? तो हाताचा झोका मोजतो. आत्या उन्हात बसून भांगलण करत होती त्या दिवशी घड्याळात भरपूर पावलं पडली. संध्याकाळी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन, एक हात भाऱ्याला धरून ती अर्धा कोस चालत आली, त्याची बरीचशी वाट घड्याळाच्या लेखी झालीच नाही. बाजारातली ट्रॉली ढकलणाऱ्याचीही हीच गत. नाडी नीट घ्यायची तर पट्टा कातडीला घट्ट हवा. आत्याच्या मनगटावर पाटल्या आणि हिरव्या बांगड्या. बांगड्या काढणं तिच्या मनात येणं शक्य नाही, आणि घड्याळ बांगड्यांच्या वर कोपराकडं सरकवलं की ते 'मनगट सापडत नाही' असं इंग्रजीत सांगतं. ज्यानं कुणी हे घड्याळ आखलं त्याच्या डोळ्यांसमोर हात मोकळे सोडून जॉगिंगला निघालेला माणूस होता. त्यात वाईट काही नाही. पण मग बाकीच्यांनी ते घातलं नाही म्हणून त्यांच्या डोक्यात बिघाड शोधू नये.

एक पोरकटपणा मीही करून पाहिला. घरातलं एक स्वस्तातलं घड्याळ दुधी भोपळ्याला बांधलं. अर्ध्या मिनिटात ७२ ठोके. भोपळा एकदम तंदुरुस्त! सगळीच घड्याळं अशी नसतात, आणि महागड्यांमधली काही नियामकांच्या तपासणीतून गेलेली असतात. पण दुकानात दोन्ही एकाच काचेखाली असतात आणि दोन्हीवर हृदयाचं चित्र असतं. सुई न टोचता रक्तातली साखर सांगण्याचा दावा करणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, असा इशारा औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं २०२४च्या फेब्रुवारीत दिला. असल्या घड्याळांच्या जाहिराती आपल्याकडं मराठीतूनही फिरतात. इन्सुलिन घेणारा माणूस त्या आकड्यावर विसंबला तर जिवाशी खेळ आहे.

बायका-माणसं यंत्र अंगावर का घालत नाहीत याचं आणखी एक कारण आहे, ते उघड बोललं जात नाही. चष्मा आपण मिरवतो. कानातलं मशीन लपवतो. दोन्ही इंद्रियांची उणीव भरून काढणारी साधनं, पण एकानं माणूस शिकलेला दिसतो आणि दुसऱ्यानं म्हातारा. टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांसाठी दंडाला चिकटवायचा सेन्सर येतो, तो दोन आठवडे दर काही मिनिटांनी साखर सांगत राहतो. माझ्या ओळखीच्या एका आईला या सेन्सरबद्दल विचारलं तर ती पहिलं वाक्य म्हणाली, "मी चार वर्षांनी रात्रभर झोपले." पूर्वी रात्री दोनला उठून झोपलेल्या पोरीचं बोट टोचायला लागायचं. इतकं मोलाचं यंत्र. पण मुलगी नववीत गेली तशी ती पूर्ण बाह्यांचा कुडता घालायला लागली, आणि लग्नकार्याला जाताना सेन्सर पोटावर लावते. कारण दंडावर पट्टी दिसली की मावश्या विचारतात, आणि मावश्यांनी विचारलेलं स्थळांपर्यंत पोहोचतं. खर्चाचं तर बोलायलाच नको, दर पंधरवड्याला नवा सेन्सर म्हणजे कित्येक घरांचा किराणा. इथं उपयुक्ततेबद्दल शंका नाही, वापरायला अडचण नाही, तरी यंत्र लपवावं लागतं. हे 'वापरकर्त्याच्या' खात्यावर कसं मांडायचं?

याच्या उलट, अंगावर काय घालावं याची जाण ठेवून केलेली कामंही आपल्या देशात आहेत. उदयपूरकडच्या खेड्यांत 'खुशी बेबी' नावाच्या गटानं लसीकरणाची नोंद साठवणारी छोटी चिप बाळाच्या गळ्यात घालायच्या पदकात बसवली. ते पदक त्यांनी ओवलं काळ्या दोऱ्यात. बाळाला काळा दोरा बांधायचा, दृष्ट लागू नये म्हणून, हे तिथल्या आयांना कुणी शिकवायला नको होतं. आपल्याकडंही नको. दुसरं, बेंगळुरूचं 'बेंपू'. कमी वजनाच्या नवजात बाळाच्या मनगटावर बांधायचं कडं. बाळ ऊबदार आहे तोवर निळा दिवा लुकलुकतो. अंग गार पडायला लागलं की केशरी दिवा आणि आवाज. आकडा नाही, आलेख नाही, वाचता यायची गरज नाही. आवाज आला की बाळाला छातीशी धरायचं, उघड्या अंगाला उघडं अंग लावून. आणि तो आवाज ऐकायला आईच तिथं असते.

घड्याळाचा आवाज दूरचा माणूस ऐकतो तेव्हा मात्र मामला बदलतो.

२०२१च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले. 'मोबाईल वापसी'. हँडसेट सारखे अडकायचे, तापायचे, आणि नोंदी भरायचं 'पोषण ट्रॅकर' ॲप इंग्रजीत. तेव्हाही शहाण्यांनी नाक मुरडलं होतं, की या बायकांना बदल नको. त्याच बायका स्वतःच्या मोबाईलवर गावाच्या गर्भवतींचे ग्रुप चालवत होत्या. नागपूर महापालिकेनं सफाई कामगारांना जीपीएस घड्याळं घातली; चंडीगडमध्येही घातली, आणि तिथं कामगार महिलांनी विचारलं की यात कॅमेरा आहे, माईक आहे, तर आम्ही हे घालून संडासला कसं जायचं? झाडू हातात घेऊन भल्या पहाटे रस्ता झाडणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात किती धूळ जाते हे मोजणारं काही त्या घड्याळात नव्हतं. तो कुठं उभा आहे आणि किती वेळ उभा आहे, एवढंच. घड्याळ आरोग्याचं असतं तर फरक पडला असता का? मला वाटतं, आणखी बिघडलं असतं. आज तुझी नाडी मंद आहे म्हणजे तू बसला होतास, हे सिद्ध करायला मुकादमाला वेळ लागला नसता.

हे कल्पनेचे खेळ नाहीत. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या शिक्षकांना २०१८मध्ये विम्याच्या योजनेत एक ॲप घ्यायला सांगण्यात आलं. पावलं मोजा, गुण मिळवा, नाहीतर महिन्याला पंचवीस डॉलर जास्त भरा. पगार आणि वाढत्या हप्त्यांनी आधीच कावलेले शिक्षक आणि शाळा कर्मचारी संपावर गेले. सगळ्याच्या सगळ्या ५५ काउंट्यांमधल्या शाळा बंद राहिल्या, आणि ते ॲपही मागे घ्यावं लागलं. आपल्याकडं काही आरोग्यविमा कंपन्या आज चालण्याबद्दल परतावा देतात. बक्षीस आहे, गोड आहे. पण जो परतावा रोज हिंडायला जाणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या मॅनेजरला मिळतो, तोच गुडघे गेलेल्या आणि पाच जणांचा स्वयंपाक उभ्यानं करणाऱ्या बाईला मिळत नाही. म्हणजे तिच्यासाठी हप्ता तेवढ्यानं महागच झाला. बक्षीस आणि दंड यांच्यात एवढंच अंतर असतं.

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्यात चांगल्या गोष्टी आहेत. संमती मागताना ती मजकुराची चिठ्ठी संविधानाच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळायला हवी. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणंही सोपं असायला हवं. पण आधीच्या मसुद्यात आरोग्याच्या माहितीला 'संवेदनशील' म्हणून जो वेगळा कप्पा होता, तो या कायद्यात उरला नाही. शिवाय नोकरीशी संबंधित कारणांसाठी मालकानं माहिती वापरली तर संमतीशिवायही चालेल, अशी वाट त्यात ठेवली आहे. सफाई कामगाराच्या मनगटावरचं घड्याळ नेमकं त्याच वाटेनं येतं. करोनातलं आरोग्य सेतू ॲप आठवतंय? २०२०च्या एप्रिलमध्ये ऐच्छिक म्हणून आलं, मे उजाडला तेव्हा नोकरदारांना सक्तीचं झालं, आणि दोन आठवड्यांत ओरड झाल्यावर 'शक्य तितकं' असं मवाळ झालं. कोट्यवधी डाउनलोड झाले. त्याला स्वीकृती म्हणायचं तर मग रेल्वेचं तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला रेल्वेचा चाहता म्हणायला हवं.

आतेभाव माझ्याशी या सगळ्यावर भांडतो, आणि त्याच्या बाजूनं एक मुद्दा भक्कम आहे. आत्याच्या ठोक्यांची अनियमितता अशी आहे की ती डॉक्टरांसमोर दिसेलच असं नाही; ती येते आणि जाते. पूर्वी तिला पकडायला होल्टर लावायचे, म्हणजे अंगावर बांधून ठोके सलग नोंदवणारं यंत्र. नॉर्मन होल्टर यांचं १९४९चं पहिलं यंत्र ३८ किलोचं होतं, पाठीवर बांधून फिरायचं. आज तेच काम मनगटावर होतं. स्टॅनफर्डनं केलेल्या अभ्यासात ४,१९,२९७ लोकांच्या घड्याळांवर लक्ष ठेवलं. २,१६१ जणांना 'ठोके अनियमित आहेत' असा इशारा गेला. ज्या ४५० जणांची नंतर छातीला पट्टी लावून तपासणी पुरी झाली, त्यांतल्या ३४ टक्क्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित पडण्याचा विकार, सापडलं. यातून पक्षाघात टळू शकतो. हे मी नाकारत नाही, आणि आत्याच्या बाबतीत तर मला ते हवंच आहे.

पण त्याच अभ्यासात इशारा मिळालेल्यांपैकी निम्म्यांहून कमी जणांनी पुढची डॉक्टरांची भेट घेतली, आणि ती भेट अभ्यासातर्फेच व्हिडिओवर ठेवलेली होती. आपल्या गावात इशारा आला तर पुढं काय? आतेभावानं एकदा मोबाईलवरचा महिन्याचा आलेख डॉक्टरांना दाखवला. त्यांनी मान वर न करता सांगितलं, ईसीजी काढून आणा. त्यांचंही चुकलं नाही. बाहेर साठ पेशंट बसलेले, आणि कुठल्या कंपनीचं घड्याळ, भोपळ्याची नाडी घेणारं की खरं, हे त्यांनी कसं ओळखायचं? प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर या आकड्यांना रकाना नाही. आकडे बघायला माणूस नेमलेला नाही. आशाताईला विचाराल तर तिच्याकडं आधीच डझनभर रजिस्टरं आहेत.

म्हणून सरकार, विमा कंपनी किंवा कारखाना उद्या मोठ्या प्रमाणात घड्याळं वाटायला निघाला, तर माझा पहिला प्रश्न असेल: पलीकडं कोण आहे? रात्री आलेला इशारा कोण वाचणार, किती वेळात, आणि वाचल्यावर कुठली गाडी येणार? याचं उत्तर नसेल तर ते पैसे उपकेंद्रात रक्तदाबाची चालती यंत्रं आणि त्यांचे सेल यांवर घालवावेत. दुसरं, घड्याळ काढून ठेवणाऱ्याचा एक पैसाही कापला जाऊ नये, हप्त्यातून नाही आणि पगारातूनही नाही. नोकरीसाठी कायद्यात ठेवलेली ती वाट आरोग्याच्या माहितीपुरती तरी बुजवायला हवी. यात मला तडजोड दिसत नाही. जे काढता येत नाही ते घड्याळ नव्हे.

घरातल्या घरात नियम कोण करणार? तिथं कायदा पोहोचत नाही, आणि पोहोचूही नये. मुलाची काळजी खोटी नाही. पण आईच्या झोपेचा आलेख आईनं न बघता मुलानं बघावा, हे कुठल्याही घड्याळात मुळातूनच तसं बसवलेलं असू नये. काय पाठवायचं आणि काय नाही, हे ज्याच्या मनगटावर आहे त्यानं ठरवावं, आणि ते ठरवायचं बटण त्याच्या भाषेत असावं.

गेल्या महिन्यात गावी गेलो तेव्हा आत्याच्या मोबाईलमध्ये बसून मी झोपेची आणि पावलांची वाटणी बंद केली. फक्त ठोके अनियमित झाले तरच आतेभावाला कळेल असं ठेवलं. इंग्रजी पडद्यांमध्ये ते बटण सापडायला मला पाऊण तास लागला, आणि मी दिवसभर हेच करतो. आतेभावाला फोन लावून सांगितलं. तो जरा फुरंगटला, मग बरं म्हणाला. आत्यानं घड्याळ हातात घेऊन उलटसुलट केलं. "आता त्याला काय काय दिसतं?" मी सांगितलं. "आणि मी रातीचं उठले तर?" नाही दिसत. "बरं." घातलं की नाही? त्या दिवशी नाही घातलं. सोमवारच्या बाजारला घालून गेली म्हणे, वेळ मोठ्या अक्षरात दिसते म्हणून.

रक्तदाबाचं तिचं वेगळंच चालू असतं. दर गुरुवारी गावातल्या मेडिकलवाल्या पोराकडं जाते, तो दंडाला पट्टा गुंडाळून मोजतो आणि तिच्या वहीत तारखेसकट लिहून देतो, निळ्या पेनानं. वर-खाली झालं असेल तर लाल पेनानं. पैसे घेत नाही, गोळ्या मात्र त्याच्याकडूनच घ्यायच्या. साताऱ्याच्या डॉक्टरांनी ती वही मान वर करून, पानं उलटून बघितली होती. वही भरत आलीय. निघताना आत्यानं सांगितलं, येताना नवी आण, शंभर पानी, चौकटीची नको, एकेरी रेघांची आण, म्हणजे त्याचं अक्षर मावतं.